चेरीच्या झाडावरची सीडी

बारेंड फान एवाइक घराबाहेर पडताना दार लावायचा, फाटकापर्यंत जायचा आणि परत येऊन दार ओढून पाहायचा. चाळीस वर्षं त्याने नदीची पातळी मोजली होती. बांधाखालच्या दगडी खांबावर आकडे कोरलेले आहेत. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते पाहायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. पण पाण्याला लाट असते, म्हणून एकदा पाहून लिहायचं नाही. दोनदा पाहायचं, आणि दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच लिहायचं. हा नियम खात्याने घालून दिला होता की बारेंडने स्वतःच, ते आता कुणालाच आठवत नाही. पुढे खांबावर यंत्र बसलं, बारेंड निवृत्त झाला, आणि नियम त्याच्याबरोबर घरी आला.

लग्न त्याने केलं नाही. एकदा जमत आलं होतं, पण त्याची खात्री होईपर्यंत ती मुलगी दुसऱ्या गावात नांदायला गेली होती. सोळाव्या वर्षी त्याला गावच्या बँडमध्ये झांज वाजवायला घेतलं होतं. नोटेशन त्याला तोंडपाठ असायचं, पण झांज मारायची वेळ आली की तो एक क्षण थांबायचा, आता नक्की आपलीच वेळ ना, हे पाहायला. त्या एका क्षणात बँड पुढे गेलेला असायचा. जत्रेच्या मिरवणुकीत तर मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वाजव बारेंड, आता वाजव. मिरवणूक गावाबाहेर गेली." त्यानंतर त्याने झांज परत केली आणि बँड ऐकायला मागच्या बाकावर बसू लागला.

आता सत्तरी ओलांडल्यावर मात्र त्याच्या या स्वभावाला एक काम सापडलं होतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावच्या सभागृहात दुरुस्तीचा कट्टा भरतो. ज्याला जे येतं त्याने ते करायचं. कुणी इस्त्र्या उघडतं, कुणी पँटची चेन बसवतं, कुणी सायकलचे ब्रेक आवळतं. बारेंडच्या टेबलावर एक लॅपटॉप, तीन जुने सीडी ड्राइव्ह आणि एक मऊ पांढरं फडकं. लोकांनी आपल्या सीड्या आणायच्या, आणि बारेंडने त्यातली गाणी जशीच्या तशी उतरवून फाइली करून द्यायच्या.

यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. सीडी घातली, बटण दाबलं, पाच मिनिटांत काम झालं. तसं करणारे आहेतच. पण घाईने वाचणाऱ्या ड्राइव्हला एखादा ओरखडा आडवा आला, की तिथे काय होतं ते तो अंदाजाने ठोकून देतो आणि काही बोलत नाही. बारेंडचा प्रोग्राम प्रत्येक गाणं सावकाश, कण न् कण वाचायचा आणि शेवटी आठ अक्षरांचा एक आकडा काढायचा. गाण्यातला एक कण जरी इकडचा तिकडे झाला तरी तो आकडा पार बदलतो. मग बारेंड तेच गाणं पुन्हा वाचायचा. दोन्ही आकडे जुळले तर फाइल खरी. नाही जुळले तर सीडी बाहेर, कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसायचं; गोल गोल कधीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

कट्ट्यावरची कॉफी नेलेकेच्या हातात असते. ती कॉफी देते, बिस्किटांचा डबा उघडते, एक बिस्किट घेऊ देते आणि झाकण लावते.

"बारेंड, त्या कोपऱ्यातल्याने सकाळपासून तीन इस्त्र्या केल्या. तुझं काय चाललंय?"

"दुसरं वाचन."

"आणि पहिलं कसं झालं?"

"ते दुसरं झाल्यावर कळेल."

"देवा! बरं झालं तू न्हावी झाला नाहीस."

बारेंड हसायचा आणि बिस्किट कॉफीत बुडवायचा. काम झालं की तो प्रत्येक सीडीबरोबर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी द्यायचा: 'दोन वाचनं जुळली. काही काढलं नाही, काही घातलं नाही. बा. फा. ए.' लोक चिठ्ठी टाकून द्यायचे. तो लिहीतच राहायचा.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आलेडाबाई आल्या. त्यांच्या बेकरीतला पाव खाऊन अर्धं गाव वाढलं होतं. नवरा योस्ट भट्टी सांभाळायचा आणि त्या दुकान. योस्टला जाऊन नऊ वर्षं झाली होती, बेकरीच्या जागी आता चष्म्याचं दुकान होतं, आणि आलेडाबाई मागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. त्यांनी पावाच्या कागदी पिशवीतून एक सीडी काढून टेबलावर ठेवली. गावच्या बँडची. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी चर्चमध्ये ध्वनिमुद्रण करून बँडने तीनशे सीड्या काढल्या होत्या आणि जमतील तेवढ्या दारोदार फिरून विकल्या होत्या.

"बारेंड, जूनच्या तिसऱ्या रविवारी मी ऐंशीची होतेय."

"आगाऊ अभिनंदन, आलेडाबाई."

"आगाऊ नको, त्या दिवशी ये. नातीने मला एक गाणी वाजवायची डबी दिलीय, तिच्यात सीडी जात नाही. मला सगळी नकोत. सातवं एवढं दे."

सातवं म्हणजे योस्टचं. त्यात योस्ट एकटा ब्युगल वाजवतो, बिगुलापेक्षा मऊ आवाजाचं ते पितळी वाद्य, आणि बाकीचा बँड त्याच्या मागे दबकत चालतो. गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"तीन वर्षं झाली, मधेच अडखळतंय आणि पुढे उडी मारतंय," आलेडाबाई म्हणाल्या. "जिथे ऐकायचं असतं नेमकं तिथेच. वाढदिवसाला सगळे जमतील. त्या दिवशी ते मला सलग ऐकायचंय. होईल ना?"

बारेंडने सीडी उजेडात धरली. कुठल्याही कामाला तो 'बघू' म्हणायचा. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "होईल."

म्हटलं आणि सीडी लगेच दुसऱ्यांदा उजेडात धरली.

पहिली सहा गाणी पहिल्या झटक्यात जुळली. आठव्यापासून पुढचीही जुळली. सातवं काही केल्या जुळेना. दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांपासून पुढची चौदा सेकंदं दर वेळी वेगळा आकडा देत होती. बारेंडने सीडी धुतली. दुसरा ड्राइव्ह लावला, मग तिसरा. शेजारच्या गावातून एकाचा जुना करडा ड्राइव्ह मागून आणला, तो जात्यासारखा घरघरायचा पण फार सोशिक होता. त्याने एक रात्र आणि अर्धा दिवस घेऊन ती चौदा सेकंदं उतरवली. अडखळणं गेलं. सूर सलग लागला. पण त्या जागेत टकटक, चटचट असे तीसेक आवाज भरले होते, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. सीडी भिंगाखाली धरली तेव्हा कळलं, ओरखडा चकचकीत बाजूला नव्हताच. चित्राच्या बाजूने काहीतरी टोकदार लागलं होतं. गाणं त्या चित्राच्या अगदी खाली, केसाएवढ्या थरात असतं. तिथे खरवडलं की गेलं.

मे संपला. जूनचा पहिला शनिवार आला. आलेडाबाई कट्ट्यावर आल्या नाहीत, पण नेलेके म्हणाली, "विचारत होती हं ती. मी म्हटलं, बारेंडने आजवर कुणाची वस्तू बिघडवून दिलेली नाही. अजून दिलेलीच नाही तर बिघडेल कशी!"

त्या दिवशी घरी येऊन बारेंडने एक गोष्ट केली, जी त्याने कधी केली नव्हती. ध्वनी साफ करायचं एक बटण त्या प्रोग्राममध्ये होतं. टकटक, चटचट असं जे काही सुरात बसत नाही, ते शोधून पुसून टाकतं. बारेंड त्या बटणाला नावं ठेवायचा. नदीला लाटा आहेत म्हणून नदी इस्त्री करायची का, असं म्हणायचा. पण त्याने 'होईल' म्हटलं होतं. त्याने बटण दाबलं. गारा थांबल्या. योस्टचा सूर लोण्यासारखा, काठापासून काठापर्यंत.

मंगळवारी सकाळी, कॉफीच्या वेळेला, तो आलेडाबाईंकडे गेला. चिठ्ठी लिहून नेली होती, पण 'काही काढलं नाही' हे वाक्य त्याने त्यात घातलं नव्हतं.

आलेडाबाईंनी डबी टेबलावर ठेवली, कानातलं यंत्र नीट बसवलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकलं. पूर्ण ऐकलं. संपल्यावर त्यांनी डबी बंद करून बाजूला सारली.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "कॉफी अजून घे."

बारेंडने कप पुढे केला नाही. "छान झालंय, पण?"

"पण काही नाही रे. तू एवढी मेहनत घेतलीस."

"आलेडाबाई, मला दोनदा विचारायची सवय आहे. पण?"

"त्याचा पाय कुठाय?"

"कसला पाय?"

"उंच सुरावर चढायच्या आधी सगळे थांबतात ना, नुसती शांतता असते, ती जागा," आलेडाबाई सांगू लागल्या. "मास्तर छडी उगारून उभे. पण त्यांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा, छडी कधी खाली यायची ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसायचं. मग योस्ट उजवा पाय आपटायचा. टक! एकदाच. त्यावर सगळा बँड एकदम आत. मास्तर म्हणायचे, बघा माझी छडी! ध्वनिमुद्रणाला शहरातून माणूस आला होता, त्याने योस्टच्या पायाखाली स्वतःचा कोट घडी करून घातला. योस्ट म्हणाला, बरं. आणि पाय कोटाच्या बाजूला घेऊन आपटला."

हसत त्यांनी बारेंडच्या कपात कॉफी ओतलीच.

"भट्टीचं दारही तो त्याच पायाने लावायचा. लाकडी तळव्याचे बूट. पहाटे चारला खाली टक, आणि वर माझी झोप गेली. सत्तेचाळीस वर्षं शिव्या घातल्या मी त्या पायाला. सूर काय, सूर कुणीही वाजवेल बारेंड. गावात आता दोघीजणी त्याच्यापेक्षा चांगलं वाजवतात. मला ते टक ऐकायचं होतं."

बारेंडचे कान लाल झाले. "पुसलं मी ते," तो म्हणाला. "तीस आवाज होते. मला सगळे ओरखडेच वाटले. मी बटण दाबलं."

"तू?" आलेडाबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "तू बटण दाबलंस?"

हे ऐकून त्याला जास्त लागलं. रविवारला पाच दिवस उरले होते.

घरी येऊन त्याने आधीची, न पुसलेली फाइल काढली. ती त्याने अर्थातच ठेवली होती, दोन ठिकाणी. पण त्या तीस टकटकींतली योस्टची कुठली आणि ओरखड्याची कुठली, हे कसं सांगायचं? अंदाजाने एक ठेवून बाकीच्या पुसता आल्या असत्या. अंदाज! बारेंडने लॅपटॉप मिटला. यावर एकच उपाय होता: त्याच सीडीची दुसरी प्रत. दोन वेगळ्या सीड्यांना एकाच जागी ओरखडा पडत नाही. जो आवाज दोन्हींत असेल तो योस्ट.

तीनशे सीड्या निघाल्या होत्या. एक मिळणं काय अवघड, असं त्याला वाटलं.

तो पहिल्यांदा नेलेकेकडे गेला.

"बँडची सीडी? तीन होत्या आमच्याकडे," ती म्हणाली, आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. "तुला ऐकायलाच हवीय का?"

"ऐकायला नको तर कशाला?"

"नाही, म्हणजे... तू चेरीच्या दिवसांत आमच्या परसात कधी आला नाहीस ना?"

बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्याकडे गेला. तो दारातच उभा राहून म्हणाला, "असेल कुठेतरी. माळ्यावर असेल. शोधतो." बोलत असताना त्याच्या मागे, परसातल्या आलुबुखाराच्या झाडावर, काहीतरी लखलख फिरत होतं. बारेंडने तिकडे पाहिलं. ढोलवाल्याने दार थोडं ओढून घेतलं.

आमच्या बेटुवेत, नद्यांमधल्या या फळबागांच्या पट्ट्यात, जूनमध्ये चेरी पिकते, आणि चेरी पिकली की भोरड्यांचे थवे उतरतात. अर्ध्या तासात झाड साफ. बुजगावण्याच्या तर त्या डोक्यावर बसतात. लखलखतं, फिरतं काही असलं की मात्र बिचकतात. घराघरांतली सीडी वाजवायची यंत्रं बंद पडली, तशा सीड्या एकेक करून झाडावर गेल्या होत्या. बेकरीवाल्या योस्टचं ब्युगल सगळ्या गावाने पाखरं हाकायला टांगलं होतं, आणि हे आलेडाबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून सगळ्या गावाने तोंडं शिवली होती.

गुरुवारी बारेंड हेंटच्या बागेत गेला. हेंट म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं वाद्य, ट्युबा, आणि त्याला साजेसा माणूस. त्याच्या चेरीच्या नऊ ओळी आहेत.

"अकरा आहेत," हेंटने लगेच कबूल केलं. "बारा होत्या, एक वादळात गेली. पण बारेंड, आलेडाला कळलं तर मी तुला या शिडीला बांधीन."

"कुठल्या झाडांवर?"

"ते मला काय ठाऊक! सीडी ती सीडी. भोरडी काय लेबल वाचते?"

तेव्हा शोधणं आलं. झाडाझाडावर सुतळीला बांधलेल्या सीड्या गरगरत होत्या. पहिल्या महिन्याचं इंटरनेट फुकट देणाऱ्या. नाताळच्या गाण्यांच्या. कर भरायच्या प्रोग्रामच्या, वर्षावार. एक कुणाच्या तरी गुडघ्याच्या एक्स-रेची. बारेंड शिडी चढताना प्रत्येक पायरी आधी हाताने दाबून बघत होता, मग पायाने.

"बारेंड," हेंट खालून म्हणाला, "तू वर पोचेस्तोवर या चेऱ्यांच्या मनुका होतील."

"तू शिडी धर."

"धरलीय की! तुझ्यापेक्षा शिडीच घाबरलीय."

बँडची सीडी सापडली की बारेंड ती सूर्याकडे धरून आरपार बघायचा. पहिलीत उन्हाने खाल्लेल्या थरातून शेकडो बारीक भोकं चमकली, चांदणं पडल्यासारखी. दुसरीतही तेच. तिसरीचं चित्र चोचींनी सोलून टाकलं होतं. हेंट प्रत्येक वेळी खालून विचारायचा, "कसं आहे आभाळ?" आणि बारेंड वरून सांगायचा, "निरभ्र." दहा सीड्या झाल्या. हेंटने न्याहारीचा डबा उघडला, चीजचा पाव दोघांत वाटला, आणि जरा नरमून म्हणाला, "नाही मिळाली तर सांगू तिला सरळ. रागावेल, पण माणूस मोठं आहे ते."

"ती रागावणार नाही," बारेंड म्हणाला. "छान झालंय म्हणेल. ते मला नकोय."

अकरावी तिसऱ्या ओळीत होती, टोकाच्या म्हाताऱ्या झाडावर. दाट पानांच्या पोटात, उत्तरेच्या बाजूला. झाड एवढं वाढलं होतं की सीडी वाऱ्याला फिरतही नव्हती आणि तिला ऊनही लागत नव्हतं. भोरड्यांच्या विष्ठेने पांढरी झाली होती. बारेंडने फडक्याने एक कोपरा पुसला आणि सूर्याकडे धरली. काठाला अर्धं बोट थर उडाला होता. मधे काळंभोर, एक चांदणी नाही.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. काठाला शेवटचं संचलनाचं गाणं. सातवं मधे.

"हेंट," बारेंड म्हणाला, "ढग आले."

हेंटने एवढ्या जोरात आरोळी ठोकली की भोरड्या तीन ओळी सोडून उडाल्या. पण सीडी फडक्यात गुंडाळली जातेय हे पाहताच तो व्यवहारावर आला. "जागा रिकामी ठेवायची नाही हं. त्यांना दहा मिनिटांत पत्ता लागतो. बदली दे."

"रविवारनंतर आणून देतो." तोवर हेंटने आपल्या डब्यातला चमचा सुतळीला बांधला.

बारेंडने ती सीडी तीन पाण्यांनी धुतली. मधून काठाकडे, मधून काठाकडे. करड्या ड्राइव्हमध्ये घातली. पहिलं वाचन संपलं, आकडा आला. तो बागेत जाऊन उभा राहिला, दुसरं संपेपर्यंत आत आला नाही. मग आत येऊन आठ अक्षरं बोट ठेवून एकेक जुळवली. तीच. पहिल्या सहा गाण्यांचे आकडे आलेडाबाईंच्या सीडीच्या आकड्यांशी लावून पाहिले. तेच. तेव्हा कुठे त्याने हेडफोन चढवला आणि सातवं लावलं. दोन मिनिटं एक्केचाळीस. स्वच्छ. सत्तेचाळीसला शांतता. अठ्ठेचाळीसला, लाकडावर लाकूड, टक.

आलेडाबाईंच्या सीडीतल्या तिसांपैकी एक आवाज बरोबर त्याच ठिकाणी होता. दोन सीड्या, एक पाय. बारेंडने ती जागा त्या संध्याकाळी निदान चाळीसदा ऐकली. खात्रीसाठी वीस पुरेशी होती, उरलेली अशीच.

रविवारी आलेडाबाईंच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्यांचं रिंगण मांडलं होतं. आलेल्या प्रत्येकाने रिंगणात फिरून प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि त्याच्या नात्याने म्हणायचं: तुझ्या आईचं अभिनंदन, आजीचं अभिनंदन, शेजारणीचं अभिनंदन. अर्ध्यावर बारेंडला शंका आली की ढोलवाल्याशी आपण हात मिळवला की नाही, म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"माझं दुसऱ्यांदा झालं," हेंट म्हणाला. "आकडा जुळला का?"

चेरीचा केक फिरला, प्रत्येकी एक तुकडा. मग आलेडाबाई उठल्या, डबीचं बटण स्वतः दाबलं आणि परत खुर्चीत बसल्या. जुन्या बँडमधले सातजण होते, आणि सात जणांनीही केकची बशी मांडीवर ठेवून नकळत पाठ ताठ केली. योस्टचा सूर हळूहळू वर निघाला. बारेंड आलेडाबाईंकडे बघत नव्हता. तो त्यांच्या पायाजवळच्या गालिच्याकडे बघत होता. अडखळायची जागा आली. सूर अडखळला नाही. मग ती शांतता.

टक.

पण ते एक नव्हतं. सातही बँडवाल्यांचे उजवे पाय त्याच क्षणी जमिनीवर पडले होते. कुणी ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं त्या पायावरच ते आत शिरत आले होते, पाय विसरले नव्हते. बश्यांवरचे चमचे खणखणले. आणि त्या सातांत आणखी एक पाय होता. बारेंडने मान खाली करून पाहिलं. त्याचाच. वेळेवर. एक क्षणही न थांबता.

"मेल्या, झोपू दे की!" आलेडाबाई छताकडे बघून ओरडल्या.

भट्टीवरच्या खोलीतून त्या हेच ओरडत असणार, रोज पहाटे, सत्तेचाळीस वर्षं. मग खोलीत जे हसू फुटलं, त्यात योस्टचा उंच सूर कुणाला धड ऐकूच आला नाही. आलेडाबाई डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. त्यांनी पुन्हा लावलं. तेव्हा सगळ्यांनी नीट ऐकलं, आणि पाय आपटले ते मात्र ठरवून.

बारेंडने खिशातून चिठ्ठी काढून दिली. आलेडाबाईंनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली. "'दोन वाचनं जुळली. काही काढलं नाही, काही घातलं नाही.' बरं. माझ्या सीडीतून तर हे निघत नव्हतं; मग दुसरी कुठे मिळाली तुला?"

रिंगणातले सगळे आपापल्या रिकाम्या बशीकडे बघू लागले. ढोलवाल्याला खोकला आला. बारेंडला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगायची सोय नव्हती.

"हेंटच्या तिसऱ्या ओळीत, टोकाच्या झाडावर?" आलेडाबाईंनीच विचारलं.

हेंटच्या मोठ्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात! पहिली सीडी योस्टनेच बांधली तिथे. दोन खोकी उरली होती बँडकडे, जातायेता पायात यायची. तू तेव्हा हॉस्पिटलात होतास, मूतखडा. तो म्हणाला, हेंटच्या चेऱ्या तरी वाचतील. आणि तुम्ही सगळे माझ्यापासून लपवत होता? म्हणून नेलेके जूनमध्ये मला परसात बसवत नाही होय! मला वाटलं, केक कमी पडतो म्हणून." आणि मग, "पण तिथे आता काय लावलंस?"

"चमचा," हेंट पुटपुटला.

"चमच्याला कोण भितंय!" त्या उठल्या, कपाटातून आपली ओरखडलेली सीडी काढली, तिच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि बारेंडच्या हातात दिली. "ही लाव त्या जागी. माझं काम झालं. हिला अजून दहा वर्षं काम आहे."

सोमवारी सकाळी बारेंड पुन्हा त्या शिडीवर होता. चमचा सोडून त्याने हेंटला खाली दिला, सीडीच्या भोकातून सुतळी ओवली, पण या वेळी पानांच्या पोटात नाही, बाहेरच्या फांदीला, जिथे वारा आणि ऊन दोन्ही पोचेल. सीडी एकदा गरगरली आणि तिचा कवडसा हेंटच्या पोटावरून, शिडीवरून, पुढच्या दोन ओळींवरून पळत गेला. बांधाकडून येणारा भोरड्यांचा थवा हवेतच वळला.

"झालं का?" हेंट खालून ओरडला.

"थांब," बारेंड म्हणाला. "गाठ एकदा ओढून बघतो."